पीईबी शेडच्या फ्रेम उभ्या करताना या चुका टाळा

पीईबी म्हणजे कारखान्यात तयार केलेले स्टीलचे भाग साइटवर बोल्टने जोडून उभी केलेली शेड. पत्रे चढलेली शेड वादळ सोसते, आणि तीच शेड आठ दिवस आधी नुसत्या कॉलम-राफ्टरवर (खांब आणि त्यांवरचे छताचे बीम, म्हणजेच फ्रेम) असताना वळवाच्या एका झोताने आडवी होऊ शकते. फ्रेम रुंदीच्या दिशेने ताठ असते, पण लांबीच्या दिशेने तिला धरून ठेवणं हे ब्रेसिंग (फ्रेममधले तिरके, एकमेकांना छेदणारे रॉड) आणि पर्लिनचं (छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) काम, आणि नेमकं तेच आपण 'उद्या टाकू' म्हणून ठेवतो.

चाकणकडच्या एका साइटवर मे महिन्यात मी हे बघितलंय. दोन फ्रेम उभ्या, ब्रेसिंगचे क्रॉस रॉड खालीच पडलेले, संध्याकाळी आभाळ आलं आणि फ्रेम तात्पुरती ताणून धरणाऱ्या वायर रोपचा क्लॅम्प सरकून कॉलम कलला. खाली कोणी नव्हतं म्हणून वाचलो, पण त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून सुरुवात सोयीच्या टोकापासून नको, ड्रॉइंगमध्ये ब्रेसिंग असलेल्या गाळ्यापासून (दोन फ्रेममधली जागा) करा. दोन फ्रेम, त्यांच्यामधले पर्लिन, गर्ट (भिंतीच्या पत्र्यामागच्या आडव्या पट्ट्या), फ्लँज ब्रेस (राफ्टरची खालची कड पर्लिनला बांधणारे तिरके तुकडे), रॉड सगळं लावून, ओळंबा बघून, घट्ट करूनच पुढची फ्रेम उचला.

अँकर बोल्ट (कॉलम बसवायला पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेले) माल यायच्या आधीच टेपने तपासा, कर्णसुद्धा मोजा. कॉलमच्या तळाच्या प्लेटचं भोक जुळत नाही म्हणून गॅस कटरने वाढवणं किंवा बोल्ट घणाने वाकवणं अजिबात नको, डिझायनरला फोन करा.

राफ्टर जोडाला दोनच बोल्ट मारून क्रेनचा हुक सोडू नका. आणि भाड्याने स्वस्त पडते म्हणून हायड्राने (माल उचलून चालणारी छोटी क्रेन) राफ्टर चढवू नका हो, ती माल हलवायला ठीक आहे, उंचीवरच्या जोडणीला आउटरिगरवाली (बाजूला पसरून टेकणारे पाय असलेली) क्रेनच हवी. काळ्या मातीत आउटरिगरखाली लाकडी स्लीपर टाका, नाहीतर पाय रुततो.

पर्लिनची भोकं जुळेनात? नवीन भोक पाडायची घाई नको, बहुतेक वेळा फ्रेमच ओळंब्यात नसते. पर्लिनचे बोल्ट थोडे ढिले करा, एका बाजूचा टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) सोडत दुसरा आवळा, मग आधीची फ्रेमही परत तपासा, कारण एक ओढली की दुसरी हलते.

वर चढणाऱ्या पोरांना दोन हुकवाला फुल बॉडी हार्नेस द्या, एक हुक सोडताना दुसरा अडकलेलाच पाहिजे, अडकवायला राफ्टरवर लाइफलाइन (हुक अडकवायचा दोर) ताणून ठेवा. आणि सुट्टी व्हायच्या आधी प्रत्येक वायर रोपचे क्लॅम्प सुपरवायझरने स्वतः पाना लावून बघावेत, खालून बघून 'ठीक आहे' म्हणू नये.