मेगर उत्तम आला, तरी वाइंडिंग निर्दोष आहे का?

जनरेटरच्या वाइंडिंगची तपासणी म्हणजे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावणे, असा समज पक्का रुजलेला आहे. परंतु मेगर तांब्याचे वेढे आणि लोखंडी गाभा यांच्यामधले इन्सुलेशन मोजतो. एकाच कॉइलमधले दोन वेढे शॉर्ट झाले, तरी त्याचे रीडिंग उत्तमच येऊ शकते.

तरीही सुरुवात मेगरनेच करावी. मशीन थांबवून, सर्व पुरवठे तोडून व कुलूपबंद करून वाइंडिंग अर्थ करावे (जमिनीशी जोडावे) आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर राखणारा नियंत्रक) व डायोड सोडवून ठेवावेत, कारण चाचणीच्या व्होल्टेजने ते निकामी होतात. १००० व्होल्टपेक्षा कमी क्षमतेच्या मशीनला ५०० व्होल्ट डीसी पुरतात. न्यूट्रलची (तिन्ही फेज जिथे एकत्र येतात त्या बिंदूची) जोडणी उघडता येत असेल, तर उरलेले दोन फेज अर्थ करून प्रत्येक फेज स्वतंत्र तपासावा आणि १ व १० मिनिटांची रीडिंग घ्यावीत. दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारा पोलरायझेशन इंडेक्स बी किंवा त्यावरच्या उष्णता-वर्गाच्या इन्सुलेशनसाठी किमान २ असावा. तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो, म्हणून तापमानाची नोंद नसलेल्या जुन्या रीडिंगशी तुलना करण्यात अर्थ नाही. तिन्ही फेज सारखेच खालावले असतील, तर बहुधा ओल किंवा धूळ असते. अशा वेळी रिवाइंडिंगचा निर्णय घेण्याआधी वाइंडिंग स्वच्छ करून वाळवावे. एकच फेज पडला असेल, तर दोष तेथेच शोधावा. चाचणीनंतर, ती चालली त्याच्या किमान चौपट वेळ वाइंडिंग अर्थला जोडून ठेवावे. त्यातला साठलेला चार्ज जिवावर बेतू शकतो.

यानंतर चार तारांच्या मायक्रोओहममीटरने प्रत्येक फेजचा रोध मोजावा. साधा मल्टिमीटर येथे कुचकामी आहे, कारण त्याच्या तारांचाच रोध वाइंडिंगपेक्षा जास्त भरतो. एका फेजचा रोध वाढलेला असेल, तर सैल किंवा सुटलेला जोड शोधावा. कमी असेल, तर वेढे शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा.

त्या संशयाची खातरजमा सर्ज चाचणी करते. दोन फेजांना सारखेच व्होल्टेज झटके दिले असता निरोगी वाइंडिंगच्या लहरी एकमेकींवर तंतोतंत बसतात, तर वेढे शॉर्ट असलेल्या फेजची लहर सरकते. रोटर (फिरणारा भाग) आत असताना त्याच्या स्थितीमुळेही लहरींत फरक पडतो, त्यामुळे शक्यतो तो काढूनच ही चाचणी घ्यावी.

उठावदार ध्रुवांच्या रोटरसाठी पोल ड्रॉप चाचणी सोपी आहे. रोटरवरच्या, चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या फील्ड वाइंडिंगला एसी पुरवठा देऊन प्रत्येक ध्रुवावरचे व्होल्टेज मोजावे. शॉर्ट असलेल्या ध्रुवावर ते ठळकपणे कमी आणि शेजारच्या ध्रुवांवर किंचित कमी दिसते. काही शॉर्ट मात्र रोटर वेगात फिरताना केंद्रोत्सारी बलामुळेच होतात आणि थांबल्यावर नाहीसे होतात. त्याच लोडला व त्याच व्होल्टेजला पूर्वीपेक्षा अधिक एक्सायटेशन करंट (फील्ड वाइंडिंगचा करंट) लागू लागला आणि सोबत कंपने वाढली, तर उभ्या रोटरची चाचणी निर्दोष आली तरी तिच्यावर विसंबू नये.