पिनकॉन्फ-पिन्समध्ये सेटिंग कोरी: माझा अनुभव

आर्वीकडच्या शेतात विहिरीच्या मोटरपंपावर लिनक्स बोर्ड आहे. पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच उघडा असला की त्याला जोडलेली बोर्डाची पिन कधी शून्य, कधी एक. वायर बदलली, कर्नल नवा टाकला; फरक नाही. डीबगएफएस म्हणजे कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाईलसिस्टिम; तिच्या पिनकॉन्फ-पिन्स फाईलमध्ये प्रत्येक पिनची सेटिंग दिसायला हवी, पण पिनांची नुसती नावं, पुढे कोरं. डोकं पार पिकलं.

आधी कर्नल कॉन्फिगमध्ये डीबग-एफएस आणि जेनेरिक-पिनकॉन्फ चालू करा. मग पिनांच्या ड्रायव्हरच्या पिनकॉन्फ-ऑप्समध्ये (सेटिंग वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फंक्शनांची यादी) इज-जेनेरिक ट्रू करा. त्यानंतर पिनची सेटिंग सांगणारं पिन-कॉन्फिग-गेट फंक्शन लिहा, आणि उत्तर थेट चिपचं रजिस्टर वाचूनच द्या. जो बायस (मोकळ्या पिनला एककडे किंवा शून्याकडे ओढून ठेवणारी सेटिंग, म्हणजे पुल-अप किंवा पुल-डाउन) लागू नाही त्याला उणे ईइनव्हॅल हा एरर कोड परत करा. हे फार महत्त्वाचं, नाहीतर पुल-अप, पुल-डाउन सगळेच एकदम छापले जातात.

बूट केल्यावर दिसलं: बायस डिसेबल्ड. स्विच ग्राउंडला जोडतो, म्हणून डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणारी फाईल) त्या पिनला बायस-पुल-अप टाकलं. पिन स्थिर झाली.