डोमेन बदललं तरी जुना डेस्कटॉप कसा ठेवायचा
जालन्यात एका ऑफिसात डोमेन (सगळ्या कॉम्प्युटरांचं लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळणारं विंडोजचं नेटवर्क) बदललं अन् लॉगिन केलं तर अकाउंटवाल्या काकूंचा डेस्कटॉप कोरा, "माझ्या एक्सेलच्या फायली कुठं गेल्या रे" म्हणून नुसता कल्ला. गेलेलं काहीच नसतं हो, नव्या डोमेनमधे युजरचा एसआयडी (विंडोज ज्यानं युजर ओळखतं तो नंबर) बदलतो म्हणून विंडोज नवं प्रोफाइल (युजरचा डेस्कटॉप, फायली, सेटिंग असलेलं फोल्डर) बनवतं, जुनं सी ड्राइव्हवर युजर्स फोल्डरमधे तसंच पडलेलं असतं. आधी बॅकअप घ्या, लोकल अ‍ॅडमिनचा (त्याच कॉम्प्युटरवरच्या, डोमेनबाहेरच्या मुख्य अकाउंटचा) पासवर्ड स्वतः टाकून बघा (हे विसरलात तर बसा बाहेरच), मग फोरेन्सिट कंपनीचं युजर प्रोफाइल विझार्ड हे सॉफ्टवेअर चालवा, ते जुनंच प्रोफाइल नव्या अकाउंटला जोडतं, कॉपी-पेस्ट करत बसायचं काम नाही. ब्राउझरमधले सेव्ह पासवर्ड मात्र आधीच एक्सपोर्ट करा, ते उडू शकतात. काकूंचे वहीत लिहिलेले होते, नशीब!