हॅमचं म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स तर मिळालं, आता पुराच्या वेळी उपयोगी कसं पडायचं

व्हीयू३ वाला कॉलसाईन (रेडिओवरची आपली ओळख) मिळाला, हातात नवीन हँडी म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट आला की पहिल्याच पावसात हात शिवशिवायला लागतात, कुठे दरड पडली की आपण बाईक काढून निघायचं असं डोक्यात येतं. माझंही तसंच होतं. पण न बोलावता जाऊ नका. घाटात अडकलेला हौशी हॅम म्हणजे रेस्क्यूवाल्यांच्या डोक्याला अजून एक माणूस.

ज्यांचं लायसन्स अजून व्हायचंय त्यांच्यासाठी पटकन सांगतो. वयाची १२ वर्षं पूर्ण लागतात, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून, परीक्षा रिस्ट्रिक्टेड म्हणजे सुरुवातीच्या ग्रेडची दिलीत तर मोर्स कोड लागत नाही. आणि लायसन्स नसताना ऑनलाईन मागवलेला स्वस्तातला सेट घेऊन "इमर्जन्सीत चालतंय की" म्हणत बटण दाबू नका, चालत नाही.

मग जवळचा क्लब गाठा. रोजच्या नेटवर (ठरलेल्या वेळी हॅम रेडिओवर जमतात ते, इंटरनेट नव्हे) चेक इन म्हणजे हजेरी लावायची सवय लावा, कारण पुराच्या दिवशी नेट कंट्रोलला, म्हणजे नेट चालवणाऱ्याला, तुमचा आवाज ओळखीचा असेल तरच तो तुम्हाला काम देणार. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाकडे (तोच १०७७ वाला) क्लबमार्फत नाव, कॉलसाईन, सेट कुठला, गाडी आहे का एवढी माहिती जूनच्या आत देऊन ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा लाईट आणि मोबाईल दोन्ही गेले होते, अशा वेळी कोणाला फोन करून विचारणार की मी येऊ का?

आता खरं काम. लोकांना वाटतं हॅम म्हणजे बोलायचं काम. अहो नाही, ऐकायचं आणि लिहून घ्यायचं काम आहे! मेसेज आधी कागदावर लिहा, मगच पीटीटी (बोलायचं बटण) दाबा. वरती नंबर, वेळ, कोणाकडून, कोणाला, किती अर्जंट, आणि खाली मजकूर, शक्यतो वीसेक शब्दांत. समोरच्याने पूर्ण मेसेज परत वाचून दाखवला की मगच तो गेला असं समजायचं, नुसत्या "रॉजर"वर (मिळालं, एवढंच) विश्वास ठेवू नका.

एका ड्रिलमध्ये माझी फजिती झाली ती सांगतो. मला सांगायचं होतं एकवीस ब्लँकेट पाठवा, मी पीटीटी दाबलं आणि त्याच क्षणी बोललो, रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) उचलेपर्यंत पहिलं अक्षर खाल्लं गेलं आणि पलीकडे लिहिलं गेलं वीस. ब्लँकेटचं ठीक आहे हो, एक कमी पडलं तर पडलं, पण तीच अडकलेली माणसं असती तर? तेव्हापासून बटण दाबून एक सेकंद थांबतो, मग बोलतो, आणि आकडे सुटे सुटे, "दोन, एक". मराठी आकडे रेडिओवर फार दगा देतात, एकोणसाठ की एकोणसत्तर हे समोरासमोरही दोनदा विचारावं लागतं, तिथे खरखरीत काय कळणार, आणि सात-साठ तर विचारूच नका.

तसंच गावांचं. नुसतं नाव सांगू नका, तालुका सांगा आणि बुद्रुक की खुर्द ते सांगा. नाहीतर बोट नदीच्या एका काठाला आणि माणसं दुसऱ्या. माणसाचं नाव नीट कळलं नाही तर सरळ "ख खटाऱ्यातला" करा, ए-बी साठीचं अल्फा ब्राव्हो इंग्रजी स्पेलिंगला उत्तम पण ळ आणि ण ला त्याचा काही उपयोग नाही. अफवा रेडिओवर घालायची नाही. स्वतः पाहिलं असेल तर "पाहिलं", ऐकलं असेल तर "ऐकलं, खात्री नाही". पेशंटची आणि मृतांची नावंही उगाच हवेत सोडू नका, स्कॅनर (नुसता ऐकायचा सेट) लावून कोणीही ऐकत असतं.

सामानाचं म्हणाल तर ५ वॉटचा हँडी चालतो, पण त्याच्यासोबत येणारा आखूड रबरी अँटेना नाही चालत. तेवढ्याच पैशात जे-पोल (घरी बनवता येणारा उंच अँटेना) बनवून दोरीने झाडावर चढवा, फरक तुम्हालाच कळेल. तरीपण व्हीएचएफ, म्हणजे हँडीच्या लहरी, सरळ रेषेत जातं, मधे सह्याद्री आला की संपलं. तिथे एचएफ म्हणजे शॉर्टवेव्हचा सेट लागतो. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे मधून जोडलेला वायरचा अँटेना, दोन्ही बाजूंना साधारण १०-१० मीटर वायर, आणि मुद्दाम खाली, तीन-चार मीटरवरच बांधायचा. सिग्नल सरळ वर जाऊन खाली पडतो, डोंगर मधे येत नाही, दिवसा दोन-तीनशे किलोमीटरचा पट्टा छान मिळतो. रात्री तोच बँड जवळचं सोडून लांबचं ऐकवायला लागतो, मग ८० मीटर बँडला जा. आयएआरयूने (हॅमची आंतरराष्ट्रीय संघटना) आपल्या रीजनला आणीबाणीसाठी ठरवलेल्यांपैकी ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ या दोन फ्रिक्वेन्सी सेटच्या मेमरीत टाकून ठेवा, आणि तिथे नेट चालू दिसलं तर आधी पाच मिनिटं गप्प ऐका.

बॅटरीचा हिशोब घरी करा. १०० वॉटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो, यूपीएसमधली ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी त्याला कितीशी पुरणार. पॉवर २०-२५ वॉटवर आणा, बहुतेक वेळा समोरच्याला फरकही कळत नाही. आणि स्टेशन आधीपासून चालू असणं महत्त्वाचं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हॅम भारती प्रसाद हैदराबादची टीम घेऊन पोर्ट ब्लेअरला होत्या, गेल्या होत्या अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला, पण फोन बंद पडल्यावर तेच स्टेशन मेनलँडशी बोलायचा आधार झालं. म्हणजे स्टेशन उभं होतं, चालू होतं, चालवणाऱ्यांचा हात बसलेला होता. तुमचा डायपोल गेल्या वर्षी बॅगेत गुंडाळून ठेवलाय तसाच असेल तर या रविवारी गच्चीवर लावून बघा.

बाकी पाणी, दोन दिवसांचं सुकं खाणं, स्वतःची औषधं, लायसन्सची कॉपी, हेडफोन. कंट्रोल रूममध्ये एवढा कलकलाट असतो की हेडफोनशिवाय काही ऐकू येत नाही. आणि लॉग लिहायला पेन्सिल न्या, ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.