मृगाच्या आधी परसातल्या कोंबड्यांची आणि रानाची तयारी

कोल्हापूर जिल्ह्यात दहा-पंधरा कोंबड्या आणि घराभोवती दहा-वीस गुंठे रान सांभाळणाऱ्याचा कस पावसाळ्यात लागतो. गगनबावडा, राधानगरीकडे पावसाची झड दिवसेंदिवस लागून राहते. शिरोळकडे पाऊस कमी असला तरी नदीचे पाणी चढण्याची धास्ती असते. म्हणून खुराड्याची डागडुजी मृग निघण्याआधीच आटोपावी.

खुराड्याची जमीन आसपासच्या मातीपेक्षा दीड-दोन फूट उंच घ्यावी. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे त्या बाजूची भिंत भरीव ठेवावी, उरलेल्या बाजूंना जाळी लावून हवा खेळती ठेवावी आणि छपराच्या वळचणी तीन फूट बाहेर काढाव्यात. साध्या षट्कोनी जाळीने कोंबड्या आत राहतात, परंतु मुंगूस बाहेर राहत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावून ती फूटभर जमिनीत गाडावी. एवढा खर्च अवश्य करावा, कारण मुंगूस एकदा आत शिरले की एका कोंबडीवर थांबत नाही.

जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा शेंगांच्या टरफलांची चार-पाच इंच जाड गादी अंथरावी आणि ती रोज खालीवर करावी. मूठभर तूस हातात घट्ट दाबून मूठ उघडावी: तूस मोकळे झाले तर गादी चांगली आहे, गोळा तसाच राहिला तर ओल वाढली आहे. असे झाल्यास भिजलेला भाग, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवतीचा, काढून टाकावा, थोडी विझवलेल्या चुन्याची पूड मिसळावी आणि कोरडे तूस घालावे. ओल्या गादीतून उठणाऱ्या उग्र वासाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि ओलीमुळे पिल्लांना रक्ती हगवण लागते. विष्ठेत रक्त दिसले की घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

मानमोडीवर, म्हणजेच राणीखेतवर, औषध नाही; लस हाच उपाय आहे. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा आणि ती सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लसीची कुपी शेकडो मात्रांची असते आणि एकदा विरघळवलेली लस तास-दोन तासांतच वापरावी लागते, त्यामुळे गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून लस आणावी. आणताना ती बर्फातच असली पाहिजे.

खाद्यात काटकसर करताना बुरशीकडे दुर्लक्ष होऊ नये. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते. रानात फिरून ती त्यातले बरेचसे स्वतः मिळवते, तरी संध्याकाळी मका, कणी आणि कोंडा मिळून मूठभर घातल्याने ती अंधारापूर्वी आपणहून खुराड्याकडे वळते आणि मोजदादही होते. पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड पंधरा दिवसांपुरतीच आणावी. त्यांवरच्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत निकामी करते. अंड्यांचे कवच पातळ होऊ लागले, तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

रानाची मशागत आणि कोंबड्या यांची सांगड सर्वांत चांगली हुमणीच्या, म्हणजे पिकाची मुळे खाणाऱ्या अळीच्या, बाबतीत बसते. उसाच्या पट्ट्यात हुमणीचा त्रास सर्वांना ठाऊक आहे. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडलेले भुंगेरे कोंबड्या आवडीने खातात, आणि नांगरटीच्या वेळी त्यांना मागे सोडल्यास उघड्या पडलेल्या अळ्याही वेचतात. मात्र कीटकनाशक फवारलेल्या रानात किंवा बीजप्रक्रिया केलेले बी पेरलेल्या वाफ्यात त्यांना सोडू नये. कोवळ्या भाजीच्या वाफ्यांना पीक उभे असेपर्यंत कुंपण ठेवावे आणि काढणीनंतर तो तुकडा कोंबड्यांना मोकळा करावा.

गादीचे खत ताजे घातल्यास मुळे करपतात. उसाचे पाचट आणि गादी यांचे थर खड्ड्यात एकावर एक रचावेत, पाचट कोरडे असल्यास पाणी शिंपडावे, पंधरा-वीस दिवसांनी ढीग पलटावा आणि कुजून थंड झाल्यावरच ते वांगी-मिरचीच्या सरीत घालावे. पावसाळाभर खड्ड्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकावा, नाहीतर खताचा कस पाण्याबरोबर वाहून जातो.