आजीच्या फोनमधला मटका

बार्शीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत एक आजी फोन घेऊन आल्या. "बघ रे बाळा, पेन्शनचे पैसे आपोआप जातायत."

आपोआप काही जात नसतं. यूपीआयची हिस्ट्री उघडली, तर ५०, ५०, १००, मग २००, सगळे रात्री दहानंतर. सातवीतला नातू शेजारी उभा राहून काउंटरवरचे स्क्रू मोजत होता. खेळ कसला, तर लाल येणार की हिरवा ते ओळखायचं, मिनिटाला एक निकाल. आजींना 'गेम' म्हटलं तर कळेना. "मटका हो, ओपन-क्लोज," म्हटलं, आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या.

तुमच्या घरी असं निघालं तर आधी हात आवरा. मार खाल्लेलं पोर खेळ सोडत नाही, हिस्ट्री पुसायला शिकतं. त्याच्याशेजारी बसून यादी बघा आणि पहिल्या दिवशी किती जिंकलास, तेवढंच विचारा. बहुतेक जण जिंकलेलेच असतात. गळाला आमिष लावल्याशिवाय मासा येत नाही.

मग फोन. यूपीआयचा पिन बदला. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. यूपीआय लाइट चालू असेल तर त्यातली शिल्लक खात्यात परत घ्या आणि ते बंद करा. त्यात हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो, हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीतच नसतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. असले खेळ बऱ्याचदा प्ले स्टोअरवरून येतच नाहीत. टेलिग्रामवर कोणी 'सर' लिंक टाकतो, पोरगं एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, उतरवतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी शोधा आणि क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम सगळ्यांसमोरची बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे, त्याचे मी पैसे घेत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच गाशा गुंडाळला, लिंकवाले राहिले. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. म्हणून अब्रूला घाबरून गप्प बसू नका, पैसे गेलेत तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पोराची झोप, जेवण उडालं असेल तर १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

बंदुकीच्या गेममधले क्रेट आणि स्पिनही सोडू नका. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमनं २०१८ मध्येच याला जुगार म्हटलं. माझाही हात काळा आहे म्हणा. त्या गेममध्ये पैसे भरायचे रिडीम कोड मी शाळेच्या पोरांना दोन वर्षं विकले. आता पालक सोबत असल्याशिवाय देत नाही. पोरं पुढच्या दुकानात जातात, जाऊ देत.

सेटिंग्जपेक्षा माझा भरवसा चिंचोक्यांवर आहे. पुतण्याला त्या 'सरां'नी युक्ती शिकवली होती: हरलास की दुप्पट लाव, एकदा तरी जिंकशीलच. मी त्याच्यापुढे दोनशे चिंचोके मोजून ठेवले. छापा-काटा. दहा लावले, गेले. वीस गेले, चाळीस गेले, तेव्हा तो हसत होता. ऐंशी गेल्यावर हसणं थांबलं. दीडशे संपले, हातात पन्नास, आणि पुढच्या डावाला हवेत एकशे साठ. "असं रोज कुठं होतं?" म्हणाला. ओळीनं चार हार म्हणजे सोळात एकदा, आणि तुझा गेम तासाला साठ डाव खेळवतो, एवढंच म्हणालो. त्यानं उरलेले पन्नास चिंचोके माझ्याकडे सरकवले.

आजींचा पिन बदलायला घेतला. नातवाला चहा सांगायला पिटाळलं, आजींच्या हातात फोन दिला आणि पाठ फिरवली. पोरगं चहावाल्याला घेऊन दारात आलं, त्याच वेळी आजी एकेक आकडा दाबत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चार... सात... शून्य..."

पिन पुन्हा बदलला.