एव्हरोलिमस घेताना: मात्रा, वेळ आणि रक्तातली पातळी

एव्हरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध; बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आणि काही कर्करोगांतही ते देतात. ते हाती आलं की आधी स्ट्रिपवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचा. किडनी बदललेल्या माणसाला ते साधारण ०.७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असं सुरू होतं. किडनीच्या किंवा स्तनाच्या काही कर्करोगांत मात्र तेच औषध दिवसातून एकदाच, पण १० मिलिग्रॅम देतात. ‘औषध तेच आहे, कंपनी फक्त वेगळी’ असं म्हणत केमिस्टने दुसरी स्ट्रिप पुढे केली, तर आधी आकडा जुळवा आणि कंपनी बदलल्याचं ट्रान्सप्लांट टीमच्या कानावर घाला.

यापुढचं मुख्यतः प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी आहे. सकाळी आठ, रात्री आठ, असं बारा तासांचं अंतर ठेवा. सोबत सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध) असेल तर दोन्ही एकाच वेळी घ्या. जेवणाआधी की जेवणानंतर, ते एकदा ठरवा आणि मग रोज तसंच करा. तेलकट-तुपकट खाण्यावर गोळी पडली की ती कमी शोषली जाते. आज उपाशीपोटी, उद्या मिसळीवर असं केलं की औषधाची रक्तातली पातळी हेलकावे खाते. गोळी पाण्यासोबत अख्खी गिळा, आणि घेण्याच्या वेळेपर्यंत स्ट्रिपमध्येच राहू द्या. हिला ऊन आणि दमट हवा सोसत नाही, म्हणून आठवड्याच्या डबीत आधीच सोलून ठेवू नका.

पातळी तपासायची तर रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो: सवयीने गोळी घेऊन लोक लॅबमध्ये पोहोचतात, आकडा फुगून येतो आणि उगाच मात्रा कमी केली जाते. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिलं की घ्या. आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली तेही सांगा. किडनी प्रत्यारोपणात पातळी साधारण ३ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. मात्रा बदलली की चार-पाच दिवस थांबूनच पुन्हा तपासतात, त्याआधीचा आकडा फसवा असतो.

पातळी बिघडवणारी औषधं बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरच्या चिठ्ठीतून येतात. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल (बुरशीवरची औषधं), डिल्टियाझेम (रक्तदाब-हृदयाचं औषध) यांनी ती वर जाते. फिनायटॉइन, कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या औषधांनी खाली येते. आपल्याकडे खरी धास्ती रिफाम्पिसिनची: टीबीच्या नेहमीच्या कोर्समध्ये ते असतंच आणि पातळी निम्म्याहून खाली आणू शकतं. टीबीचं निदान झालं तर पहिली गोळी घेण्याआधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. ग्रेपफ्रूट बंद. त्याच्याच गोतावळ्यातलं पपनसही नकोच.

तोंड येणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास. छोटे, गोल, पांढरट व्रण जिभेच्या कडेला, ओठांच्या आत. अल्कोहोल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा आयोडीन असलेला माउथवॉश वापरलात तर ते आणखी चिघळतात. मऊ ब्रश वापरा, तिखट काही दिवस बाजूला ठेवा. स्तनाच्या कर्करोगात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं अल्कोहोलविरहित द्रावण आधीपासूनच देतात: १० मिलिलिटर, दोन मिनिटं तोंडात खळखळवून थुंकायचं, दिवसातून चारदा, आणि नंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही.

कोलेस्टेरॉल, साखर आणि लघवीतलं प्रोटीन वेळच्या वेळी तपासून घ्या. कोरडा खोकला लागून जिना चढताना धाप लागू लागली, तर खोकल्याचं सिरप आणून दिवस काढू नका. हे औषध संसर्ग नसतानाही फुप्फुसाला सूज आणतं, आणि प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने खरा संसर्गही असू शकतो; दोन्हींसाठी त्याच दिवशी दाखवावं लागतं.

जखमा उशिरा भरतात. हर्निया असो वा दाढ काढणं, तारीख ठरवण्याआधी सर्जन आणि ट्रान्सप्लांट टीम यांचं बोलणं घडवून आणा. गोळी कधी थांबवायची, तोवर तिच्या जागी काय घ्यायचं हे तेच ठरवतील. स्वतःहून बंद केली तर बसवलेली किडनी शरीर नाकारू शकतं.